पाखरांच्या रक्तातला हिवताप

(बेसा, नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, "सर, पक्ष्यांना खरंच मलेरिया होतो का?" होतो. माणसाच्या मलेरियाचा परजीवी ज्या कुळातला, त्याच कुळातला परजीवी पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत राहतो. त्याचं नाव प्लाझ्मोडियम. पक्ष्यांच्या जाती वेगळ्या, माणसाच्या वेगळ्या. पक्ष्याचा हिवताप माणसाला होत नाही, माणसाचा पक्ष्याला होत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण आज घरी जाऊन कुणी खिडकीवरचं साळुंकीचं घरटं काढून टाकलं तर या व्याख्यानाने नुकसानच केलं असं होईल.

पण एक प्राणी दोघांमध्ये सामाईक आहे, आणि तो या सभागृहातही असणार. करड्या-तपकिरी रंगाचा, रात्री कानाशी गुणगुणणारा, गटाराच्या आणि सेप्टिक टँकच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस. बेशाचं शेत जाऊन लेआउट आले, लेआउटवर घरं आणि फ्लॅट स्कीम आल्या. घरं आधी आली, नाल्या आणि मलवाहिन्या मागून. मधल्या वर्षांत साचलेल्या घाण पाण्यावर या डासाचं राज्य वाढलं. विदर्भाला हा डास हत्तीरोगामुळे ठाऊक आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत रात्री उशिरा दार वाजवून बोटाला सुई टोचणारे, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेणारे आरोग्य कर्मचारी ज्यांनी पाहिले नाहीत असे जुने लोक इथे थोडे असतील. रात्रीच का? हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात येतात म्हणून. तोच डास, त्याच रात्री, झाडावर झोपलेल्या पक्ष्यालाही चावतो. त्या चाव्याची काचपट्टी मात्र कुणी घेत नाही. मला आज त्या न घेतलेल्या काचपट्टीबद्दल बोलायचं आहे.

या शास्त्राचा इतिहास आपण शाळेत अर्धाच शिकलो. रोनाल्ड रॉसचं नाव सगळ्यांना माहीत आहे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला हुसेन खान नावाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या जठरात त्याला मलेरियाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. पुस्तकातली गोष्ट इथे संपते आणि पुढे नोबेल येतं. पण त्या दिवशी रॉसला कळलं होतं ते इतकंच, की परजीवी डासाच्या पोटात वाढतो. तिथून तो पुढच्या माणसात कसा पोहोचतो हे त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात त्याची बदली झाली, आणि 1898 च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला आला. ते प्लेगचे दिवस होते. मुंबई-पुण्यात काय चाललं होतं ते महाराष्ट्राला सांगायला नको. सुई घेऊन आलेल्या सरकारी डॉक्टरचं नाव काढलं की लोक पळत. रुग्ण मिळेनात. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळला.

चंडोल, चिमण्या, कावळे, कबुतरं त्याने पिंजऱ्यांत ठेवली. चिमण्यांच्या रक्तात जो परजीवी होता त्याला तेव्हा प्रोटिओसोमा म्हणत. आज आपण त्याला प्लाझ्मोडियम रेलिक्टम म्हणतो. आणि डास वापरला तो "करडा डास", म्हणजे आपल्या बेशाच्या नालीतला क्युलेक्स. त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात काही लपवाछपवी नाही, सगळं मोजलेलं आहे. त्याने डासांचे तीन गट केले, प्रत्येकात दहा. एका गटाला निरोगी चिमणीचं रक्त पाजलं, दुसऱ्याला मध्यम परजीवी असलेल्या चिमणीचं, तिसऱ्याला रक्तात परजीवींची गर्दी असलेल्या चिमणीचं. मग तीसही डास चिरून जठरावरच्या गाठी मोजल्या. पहिल्या गटात शून्य, दुसऱ्यात 292, तिसऱ्यात 1009. यानंतर वाद घालायला जागा उरत नाही. जुलै 1898 च्या सुरुवातीला त्याला त्याच परजीवीची सूक्ष्म दोऱ्यासारखी रूपं डासाच्या लाळग्रंथीत सापडली. लाळग्रंथीत, म्हणजे चावताना ती बाहेर पडणार. त्याने तसे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि त्या चिमण्या आजारी पडल्या. वर्तुळ पूर्ण झालं. त्याच महिन्यात रॉसचा मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन याने एडिंबरोच्या वैद्यकीय सभेत ही बातमी सांगितली. माणसाच्या मलेरियाचं तसंच पूर्ण वर्तुळ इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर काही महिन्यांत दाखवलं.

म्हणजे मलेरिया डास पसरवतो हे जगाला प्रथम चिमण्यांनी शिकवलं. रॉसचा सहायक महंमद बक्ष याने त्या उकाड्यात किती चिमण्यांची आणि किती डासांची उस्तवार केली असेल याचा विचार मी नेहमी करतो. रॉसने आपल्या लिखाणात त्याचं नाव ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

पक्ष्यांचं हे ऋण तिथे थांबत नाही. रॉसच्या आधी, 1880 च्या दशकात, खारकिव्हच्या वासिली दानिलेव्स्कीने पक्ष्यांच्या रक्तात असे परजीवी पाहिले होते. लाव्हरानने माणसाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी 1880 मध्ये पाहिला, म्हणजे दोन्ही शोध जवळजवळ जुळेच. बाल्टिमोरच्या विल्यम मॅकॅलमने 1897 मध्ये कावळ्याच्या रक्तातल्या परजीवींचं फलन डोळ्यांनी पाहिलं, आणि मग माणसाच्या परजीवीत दिसणाऱ्या वळवळणाऱ्या धाग्यांचा अर्थ लागला. जर्मनीत विल्हेल्म रोएल याने 1920 च्या दशकात कॅनरी पक्ष्यांना मलेरिया देऊन त्यांच्यावर औषधं तपासण्याची पद्धत बसवली. प्लास्मोकिन हे औषध त्यातून आलं. सिलोनच्या कोंबड्यांतला प्लाझ्मोडियम गॅलिनेसियम 1935 मध्ये ब्रम्प्टने वर्णन केला, आणि दुसऱ्या महायुद्धातलं पॅलुड्रिन त्याच्यावर पारखलं गेलं. परजीवी रक्तात येण्याआधी इतर पेशींत लपून वाढतो, हेही कोंबडीच्या याच परजीवीत 1937 मध्ये जेम्स आणि टेट यांनी दाखवलं. माणसाच्या यकृतातली अवस्था नंतर सापडली. आपण गोळी घेऊन बरे होतो त्या गोळीमागे पिंजऱ्यातले कितीतरी पक्षी आहेत.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे या. इंदालेन्सिओ फ्रोयलानो द मेलो हे बाणावलीचे, जन्म 1887. पणजीच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक, जीवाणुशास्त्र संस्थेचे प्रमुख, पुढे पणजीचे महापौर आणि पोर्तुगीज संसदेत गोव्याचे प्रतिनिधीही. हे सगळं सांभाळत या माणसाने गोव्याच्या पक्ष्यांच्या रक्तात डोकावून पाहिलं. भारद्वाज, खंड्या, नीलपंख, तांबट, कोतवाल, साळुंकी. 1935 मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये त्यांनी या पक्ष्यांतल्या हिमोप्रोटियस या परजीवीच्या नव्या जाती वर्णन केल्या, आणि 1937 मध्ये एकट्या कावळ्याच्या रक्तातल्या चार परजीवींवर लिहिलं. आजही हिमोप्रोटियस सेंट्रोपाय, हिमोप्रोटियस डायक्रुरी अशी नावं वाचताना पुढे "द मेलो, 1935" असं लिहावं लागतं. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत भारद्वाजाच्या रक्ताचा परजीवी ओळखला गेला की गोव्याचं नाव येतं. आपल्या महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव क्वचितच दिसतं याचं मला वाईट वाटतं. एका छोट्या संस्थेत, थोड्या साधनांनी, आपल्या अंगणातल्या पक्ष्यांवर केलेलं काम किती टिकतं याचं ते उदाहरण आहे.

हिमोप्रोटियस म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण आपल्या पक्ष्यांत तो पदोपदी सापडतो. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं; आपल्या तांबड्या पेशीत नसतं. हिमोप्रोटियस वाढताना त्या केंद्रकाभोवती अर्धगोल वळसा घालतो, पण त्याला बाजूला ढकलत नाही, आणि त्याच्या अंगात काळसर-सोनेरी कण दिसतात. हे कण त्याने खाल्लेल्या हिमोग्लोबिनची राख. प्लाझ्मोडियमचंही तसंच, पण तो रक्तपेशीतच फुटून नवी पिल्लं सोडतो, हिमोप्रोटियस तसं करत नाही. तिसरा ल्युकोसायटोझून, त्याच्यात हे कण नसतात आणि त्याच्यामुळे पेशी इतकी विस्कटते की ती मुळात कसली होती हे सांगणं कठीण जातं. तिघांचे वाहकही वेगळे. प्लाझ्मोडियमला डास, ल्युकोसायटोझूनला वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्या, हिमोप्रोटियसला बारीक चिलटं किंवा पक्ष्याच्या पिसांत तिरकी पळणारी चपटी माशी. गच्चीवरच्या पारव्याला हातात घेतलं तर पिसांतून अंगावर येणारी ती माशी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. कबुतरातला हिमोप्रोटियस तिच्यामार्फत पसरतो हे सर्जां बंधूंनी अल्जीरियात 1906 मध्ये दाखवलं.

हे परजीवी पाहायची काचपट्टी अशी करायची: पंखाच्या आतल्या बाजूची शीर सुईने टोचायची, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीने पातळ पसरायचा, हवेत वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवून बसवायचा, गिम्साने रंगवायचा. पक्षी पाच मिनिटांत हातातून सुटतो. काचपट्टी जपून ठेवली तर पन्नास वर्षांनी कुणीही ती पाहू शकतो. मी आयुष्यभर हे करत आलो. शहरातल्या पारव्यांच्या रक्तात हिमोप्रोटियस दिसला की विद्यार्थी घाबरतात, "सर, हा मरणार का?" तो पारवा दुसऱ्या दिवशी त्याच छपरावर घुमत असतो. नव्या मुलांच्या मनातून ही भीती काढणं हे माझं निम्मं शिकवणं.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. रक्तात परजीवी असणं ही एक गोष्ट आणि त्या परजीवीने पक्षी मरणं ही दुसरी. दोघांमध्ये जे अंतर आहे ते मोजायला आपल्याकडे आकडे नाहीत, कारण निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याचं रक्त आपण कधी घेतच नाही.

हे अंतर कसं असू शकतं याची दोन टोकं सांगतो.

पहिलं टोक हवाई बेटं. तिथे मुळात डासच नव्हते. 1826 मध्ये वेलिंग्टन नावाचं जहाज मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भरलेली पाण्याची पिंपं घेऊन माऊई बेटावर आलं. त्या पिंपांतल्या पाण्यात अळ्या होत्या. डास तोच, आपला क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस. नंतर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर प्लाझ्मोडियम रेलिक्टम आला, रॉसच्या चिमण्यांतलाच. हवाईच्या रंगीबेरंगी मधुभक्षी पक्ष्यांनी लाखो वर्षांत हा रोग पाहिला नव्हता. इईवी नावाच्या लाल पक्ष्याला प्रयोगात एकाच बाधित डासाने चावू दिलं, तर दहांपैकी नऊ मेले. रिचर्ड वॉर्नरने 1968 मध्ये दाखवलं की डासांना आत येऊ न देणाऱ्या जाळीत ठेवलेले स्थानिक पक्षी जगतात, उघड्यावर ठेवलेले मरतात. आज उरलेले पक्षी उंच डोंगरात राहतात, कारण सुमारे तेरा अंशांखाली डासाच्या पोटातल्या परजीवीची वाढ थांबते. हवा तापतेय तशी ती सुरक्षित रेषा वर सरकतेय, आणि डोंगराला शिखर आहे. 2023 मध्ये अमेरिकेने नामशेष झालेल्या प्राण्यांची यादी जाहीर केली, तीत हवाईचे आठ पक्षी होते. त्याच वर्षापासून तिथे प्रयोगशाळेत वाढवलेले, वोल्बाकिया जीवाणू असलेले नर डास जंगलात सोडताहेत. नर चावत नाहीत. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. डास कमी करायला डासच सोडायचे, हा उपाय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

दुसरं टोक आपण. विदर्भात पक्ष्यांना पळायला तेवढा उंच डोंगर नाही. चिखलदराही अकराशे मीटरच्या आसपासच. तरी आपले पक्षी टिकून आहेत, कारण ते या परजीवीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. जे कमजोर होते ते कधीच गेले. उरलेल्यांच्या रक्ताने जुळवून घेतलं. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. आपल्याच पूर्व विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांत सिकल सेल आहे, आणि त्याचं मूळ मलेरियातच आहे: सिकल सेलचं एक जनुक असलेल्या माणसाला मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी गाठतो. मलेरियाने इथल्या माणसाचं रक्त घडवलं, तसंच इथल्या पाखरांचंही.

पण जुळवून घेतलं म्हणजे फुकट मिळालं असं नाही. स्वीडनमधले संशोधक एका तळ्याकाठी मोठ्या बोरू वटवट्या पक्ष्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करतात. हे पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतात, मलेरिया तिथे लागतो, आणि बरेचसे बाधित पक्षी बाहेरून ठणठणीत दिसतात. 2015 मध्ये त्यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवलं की अशा जुन्या, शांत संसर्गात पक्ष्यांच्या गुणसूत्रांच्या टोकांची झीज लवकर होते, ते कमी जगतात आणि आयुष्यभरात त्यांना कमी पिल्लं होतात. त्यांच्याकडे हे कळायला काय होतं? प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी आणि वर्षानुवर्षांचे रक्ताचे नमुने. पुढचा धागा त्याहून विलक्षण आहे: पक्ष्याच्या अंगात सुप्त असलेला प्लाझ्मोडियम डास चावायला लागले की रक्तात पुन्हा वाढतो, म्हणजे जेव्हा पसरायची संधी असते तेव्हाच बाहेर येतो. उपाशी, थकलेल्या, आजारी पक्ष्याच्या शरीराची पकड सुटली तर तोच परजीवी रोग होऊन बसतो.

आता गडचिरोलीतली गिधाडं. पण आधी देशभरातल्या गिधाडांचं काय झालं ते.

1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं जवळजवळ संपली, घट 99.9 टक्क्यांची. एवढी वेगवान पडझड जगातल्या फार थोड्या पक्ष्यांच्या नशिबी आली. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मृत गिधाडांवरून कारण सापडलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, 2015 मध्ये माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्याही बंद केल्या, 2023 मध्ये एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली.

या सगळ्यात 2009 साली करंट सायन्समध्ये एक निबंध आला. गडचिरोलीचे पशुवैद्य अजय पोहरकर, आपल्या नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक आणि हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ यांनी मिळून तो लिहिला. गडचिरोली जिल्ह्यात आजारी सापडलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या रक्तात प्लाझ्मोडियम होता, सूक्ष्मदर्शकातही दिसला आणि जनुकीय तपासणीतही आला. मलेरियाविरोधी उपचार केलेले पक्षी सावरल्याचंही त्यांनी लिहिलं. आणि निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी प्रश्न विचारला: गिधाडांच्या ऱ्हासाचं कारण मलेरिया आहे का?

हे काम आपल्या मातीतलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. संपूर्ण उपखंडातली गिधाडं मलेरियाने गेली असं मला वाटत नाही. डायक्लोफेनॅकचा पुरावा फार भक्कम आहे. मूत्रपिंडातल्या खुणा, जनावरांच्या शवांतले अंश, पिंजऱ्यातल्या गिधाडांवरचे प्रयोग हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवतं. पण म्हणून गडचिरोलीचा शोध बाजूला ठेवायचा, हे मला मान्य नाही. जिथे शेकड्यांनी गिधाडं असतात तिथे मलेरियाने दोन-चार गेली तर कळतही नाही. जिथे मूठभर उरली आहेत, वर्षाला जोडी एकच अंडं घालते, तिथे दोन-चार म्हणजे फार. आणि डायक्लोफेनॅकचा सौम्य मार लागलेला, पोटभर न मिळालेला पक्षी जुन्या संसर्गाला बळी पडू शकतो. दोन कारणं एकाच पक्ष्यात असू शकतात, ती एकमेकांची विरोधी नाहीत. पोहरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नचिन्ह लावलं ते योग्यच केलं.

मात्र त्या प्रश्नाला उत्तर द्यायला काय लागलं असतं? गडचिरोलीतल्या ठणठणीत गिधाडांच्या रक्ताच्या काचपट्ट्या. त्याच झाडांवरच्या घारींच्या, कावळ्यांच्या, साळुंक्यांच्या काचपट्ट्या, 1990 च्या आधीच्याही. निरोगी गिधाडांतही तेवढाच प्लाझ्मोडियम असतो का? तसं असेल तर आजारी पक्ष्यातला परजीवी फार तर साथीला आहे. नसेल तर तो दोषी ठरण्याची शक्यता वाढते. हा तुलनेचा साठा आपल्याकडे नव्हता, म्हणून इतका महत्त्वाचा प्रश्न प्रश्नच राहिला. ज्या जिल्ह्यात माणसांच्या मलेरियाचे इतके रुग्ण सापडतात, जिथे हिवतापाचे कर्मचारी दऱ्याखोऱ्यांत जाऊन माणसांच्या काचपट्ट्या गोळा करतात, त्याच जिल्ह्यात पाखरांच्या काचपट्ट्यांचा एक डबा भरू नये याचं मला दुःख आहे.

जगात या कामाने केवढी झेप घेतली आहे ते पाहा. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात 2009 पासून पक्ष्यांच्या या परजीवींचा एक खुला जनुकीय साठा चालतो. त्यात आज चार हजारांहून जास्त वंश नोंदले आहेत. आपल्या देशातही काम झालं आहे. साळुंकीतल्या परजीवींवर फराह इश्तियाक आणि सहकाऱ्यांनी काम केलं: भारतातली साळुंकी जिथे जिथे नेली गेली, तिथे तिच्याबरोबर कोणते परजीवी गेले आणि कोणते मागे राहिले. पश्चिम घाटातल्या डोंगरमाथ्यांवरच्या पक्ष्यांत कोणता परजीवी कुठे थांबतो यावरही 2019 मध्ये चांगला अभ्यास आला. विदर्भाचं पान त्यात अजून फारसं भरलेलं नाही.

ते भरायचं कसं हे मी कल्पनेने सांगत नाही, कारण साधनं इथेच आहेत. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्राच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथे आहे. सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांचं तात्पुरतं उपचार केंद्र आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आणि प्राणिसंग्रहालय आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची कोनशिला नागपुरातच बसली, आणि तिचं कामच माणूस, जनावर आणि रान यांचे रोग एकत्र पाहणं हे आहे. मांज्याने पंख कापलेली घार, खिडकीच्या काचेला आदळलेला शिक्रा, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेला पारवा, हे सगळे आधीच उपचार केंद्रात येतात. त्यांच्या उपचाराला सुई लागतेच. त्याच वेळी एक थेंब जास्त घेतला तर त्या पक्ष्याला काहीही इजा होत नाही.

2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची आणि लांब चोचीची गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली, पुन्हा रानात सोडण्यासाठी. मी हे वाचलं तेव्हा आनंदाबरोबर काळजीही वाटली. पिंजोरचा हिवाळा वेगळा, तिथले डास वेगळ्या हंगामात वाढतात, आणि पक्षी लहानपणापासून बंदिस्त. आपल्या जंगलातला परजीवी त्यांच्या रक्ताला नवा असू शकतो. असेल किंवा नसेलही. हे सोडण्याआधीची एक काचपट्टी आणि त्यानंतर दर वर्षी पुन्हा पकडता आलेल्या प्रत्येक पक्ष्याची एक काचपट्टी यावरूनच कळेल. पक्ष्याच्या पाठीवर लावलेलं उपग्रह यंत्र पक्षी कुठे गेला ते सांगतं, त्याच्या रक्तात काय चाललंय ते सांगत नाही. पक्षी मेला तर दोन्ही नोंदी हाताशी हव्यात.

बेशातल्या आणि आसपासच्या मित्रांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली पाण्याची. नगर पंचायतीकडे नाली आणि मलवाहिनीची मागणी करताना हत्तीरोगाबरोबर पक्ष्यांचाही उल्लेख करा. नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये हत्तीरोगासाठी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. घरी आलेल्या कर्मचाऱ्यासमोर ती गोळी गिळा. पण गोळीने माणसाच्या रक्तातले जंत मरतात, नालीतला डास मरत नाही. सेप्टिक टँकच्या वायुनळीला बारीक जाळी बांधा, झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. घरमागच्या साचलेल्या पाण्यात अळ्या दिसल्या तर ते पाणी वाहतं करा.

दुसरी मागणी पडलेल्या पक्ष्याची. सापडला तर पाणी घशात ओतू नका, हवा जाईल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि उपचार केंद्राला कळवा. तिथल्या डॉक्टरांना विनंती करा की एक काचपट्टी घ्या. आणि घेतली तर तिच्यावर काचेवर टिकेल अशा पेन्सिलने चार गोष्टी लिहून घ्या: पक्ष्याचं नाव, तारीख, गाव, आणि तो कुठल्या अवस्थेत सापडला. मेलेला सापडला तरी ताजा असेल तर कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या यकृताचा आणि प्लीहेचा ठसा काचेवर घेता येतो. महाविद्यालयातल्या परजीवीशास्त्र विभागाकडे अशा पट्ट्या देता येतील का, हे मी तिथल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलून ठेवलं आहे. व्याख्यानानंतर ज्यांना यात हात द्यायचा आहे त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव लिहावं. पहिल्या वर्षी शंभर पट्ट्या झाल्या तर मी स्वतः त्या एक एक करून पाहीन, आणि काय दिसलं ते पुढच्या वर्षी याच मालेत इथे येऊन सांगेन.